माता आली, हात धुवा

आमच्या प्रताप नगरच्या सोसायटीत कुणाकडे बाळ झालं, की बारशाचं आमंत्रण मला सगळ्यात शेवटी येतं. कधीकधी तर फुगे उतरवून झाल्यावर येतं. माझा त्यांच्यावर राग नाही. मी गेले की काय होतं, ते त्यांना अनुभवानं ठाऊक आहे. मी आधी बाळाकडे बघतच नाही. बाळाभोवती बसलेल्यांची नाकं, ओठ आणि हात बघते. कोण सुडसुडतंय, कुणाच्या ओठावर जर, म्हणजे तापाची पुळी, उठलीय, कुणाचं पोरगं अंग खाजवतंय. मग एकेकाला गोड बोलून उठवते. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही बारशाला जात नाही, धाड घालायला जाता."

सवय आहे, काय करू! सक्करदऱ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये नवजात बाळांच्या विभागात माझी सगळी नोकरी गेली. शेवटी तिथली मुख्य सिस्टर होते. लोक म्हणतात, किती गोड काम! दिवसभर इवली इवली बाळं! बाळं गोडच असतात हो, आणि त्यांचा काही म्हणजे काही त्रास नसतो. भूक लागली की रडतात, पोट भरलं की झोपतात. त्रास असतो तो त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांचा. हे प्रेम गावाहून जीप भरून येतं, बसमधल्या दांड्याला धरलेल्या हातांनी थेट बाळाचा गालगुच्चा घेतं आणि खोकत खोकत म्हणतं, "बापावरच गेला बाप्पा!"

आता विषाणू म्हणजे काय, तर अत्यंत अगोचर पाहुणा. काही तर बाळ जन्माला यायची वाटसुद्धा बघत नाहीत. रुबेला त्यातलाच. आईला चौथ्या महिन्याच्या आत अंगावर जराशी लाल पुरळ येते, दोन-तीन दिवसांत जाते, घरचे म्हणतात उष्णता झाली असेल. तोवर तो वारेतून आत जाऊन बसलेला असतो. महाल भागातल्या एका शिक्षिकेचं बाळ आमच्याकडे आलं, त्याच्या दोन्ही बुबुळांत पांढरं दिसत होतं. ऐकूही येत नव्हतं त्याला. आई मला विचारत होती, "सिस्टर, मी काय खाल्लं चुकीचं?" तिनं काहीही चुकीचं खाल्लं नव्हतं. लग्नाआधी एक लस घ्यायची राहिली होती, आणि ती घ्यायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढी एक गोष्ट मला अजून डाचते. त्यानंतर ओळखीतल्या प्रत्येक लग्नाळू मुलीला मी पत्रिकेतल्या गुणांआधी लसीचं विचारते. दोन स्थळं माझ्या ह्या चौकशीमुळे बिचकली म्हणतात. बिचकू देत.

काही विषाणू बाळाला बाहेर येताना वाटेत गाठतात. आणि उरलेले सरळ दारातून येतात, पेढे घेऊन.

मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, हे सगळं लोकांना नीट समजावून सांगितलं की झालं. काय ते माझं ध्यान! कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, डोक्यावर बशीएवढी टोपी, ती दिवसातून चारदा घसरायची आणि एकदा तर बाळाच्या अंघोळीच्या टबातच पडली. पण जीभ कशी, तर परीक्षेतल्या उत्तरपत्रिकेसारखी. एका आजीबाईंना मी उभं करून सांगितलं, "नवजात अर्भकाची रोगप्रतिकारशक्ती अपरिपक्व असल्याकारणाने..." त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मला वाटलं, पटलं! मग त्यांनी विचारलं, "तुले किती लेकरं हाये?" मी म्हटलं, "अजून लग्न नाही झालं." त्या म्हणाल्या, "मंग बस जराशी. दमली असशीन." आणि माझ्या हाताखालून वाकून नातवाचा पापा घेतला.

त्या दिवशी मी भाषण सोडलं आणि लबाडी शिकायला लागले. लबाडीत मला फार लवकर प्रावीण्य आलं.

नमुना सांगते. एका बाळाचे काका आले. रेशमी कुर्ता, अत्तर, हातात मोठा फोन, आल्याआल्या "पुतण्यासोबत फोटो काढा रे." आणि खालच्या ओठावर टपोरी जर. ताप उतरला की अशी जर येते म्हणतात आपल्याकडे आणि सोडून देतात. मोठ्यांना त्याचं काही नाही. पण त्याच ओठांनी चार दिवसांच्या बाळाचा पापा घेतला, तर तो विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बाळ नुसतं मलूल होतं, दूध सोडतं, आणि आपल्याला कळेपर्यंत उशीर होतो. हे मी काकांना सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, "मॅडम, मी रोज अंघोळ करतो." म्हणून मी म्हटलं, "अगंबाई, काका, किती दुखत असेल! थांबा, औषध लावते." आणि कापसाच्या बोळ्यानं त्यांच्या ओठाला जेन्शनचं जांभळं औषध लावलं. जरा सढळ हातानं लावलं. नाकाखालीपर्यंत गेलं. काकांनी आरशात पाहिलं आणि रुमाल तोंडाला जो लावला, तो जिना उतरेपर्यंत काढला नाही. फोटोही राहिला, पापाही राहिला. बाळ आता बारावीला असेल.

हे सगळं मी हसत सांगते, कारण हसण्यासारखंच होतं. पण एक बाई अशी भेटली, की तिच्यापुढे माझी एकही लबाडी चालली नाही.

कौसल्याबाई तिचं नाव. कुहीकडच्या एका गावाची. घरी धानाची शेती. सून प्रणाली बाळंतपणासाठी आमच्याकडे दाखल झाली, आणि तपासताना मला तिच्या पाठीवर पाण्याचे फोड दिसले. चार-पाच. बोटभर खाली आणखी दोन. मी विचारलं, "घरात कुणाला कांजिण्या झाल्या होत्या का ग?" ती म्हणाली, "भाच्याले माता आल्ली होती. मी त्याले खिचडी भरवली." मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. छान, पावणेतीन किलोची, डोक्यावर भरपूर जावळ.

ह्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. कांजिण्या तर सगळ्यांना होतात. तर ऐका. आईला पूर्वी कधी कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर तिच्या रक्तात त्याचं उत्तर तयार असतं आणि शेवटच्या महिन्यांत ती ते बाळाला शिदोरीसारखं बांधून देते. बाळ काही महिने त्यावर निभावतं. पण आईला आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही ऐन बाळंतपणात कांजिण्या आल्या, तर विषाणू तेवढा बाळाकडे जातो, शिदोरी जात नाही. कारण ती आईकडेच अजून तयार नसते. मोठ्या पोराला चार फोड येऊन जातात, तोच आजार अशा बाळाच्या फुप्फुसांत उतरला तर बाळ वाचवणं कठीण होतं. त्यासाठी तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन असतं. ते लवकर द्यायचं, आणि आईचे फोड सुकेपर्यंत बाळाला वेगळ्या खोलीत ठेवायचं.

डॉक्टरांनी हे सगळं कौसल्याबाईला आणि तिच्या मुलाला, मंगेशला, व्यवस्थित सांगितलं. कौसल्याबाई पदर दाताखाली धरून ऐकत होती. त्यांचं झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"हा डॉक्टर कायले एवढा बोलून राहिला वं? पोट्टीले सुई टोचाची आहे, असं सरळ सांग ना."

"हो. सुई टोचायची आहे."

"नाही टोचाची. अंगात माता असताना सुई टोचत नाही. पोट्टीले मायच्या कुशीत द्या. दोघींचं एकदाच होऊन जाऊ दे. लहानपणी झालेली बरी राह्यते. मले झाली, ह्या मंगेशले झाली, आम्ही काय मेलो?"

"आई, डॉक्टरसाहेब म्हणून राहिले तं..." मंगेशनं तोंड उघडलं.

"तू चूप बस गा. जाय, गाडी घेऊन ये. घरी नेतो आम्ही दोघींले."

मंगेश मान खाली घालून गेला. प्रणाली खाटेवर पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून रडत होती, पण आवाज येऊ देत नव्हती. तिला काय वाटतं, हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती सासूबद्दल एवढंच म्हणाली, "सिस्टर, आत्याबाई वाईट नाही. तुम्ही त्याइले समजावा."

मी समजावण्याच्या फंदात पडतच नव्हते, हे तुम्हाला सांगितलंच. माझ्या डोक्यात भलतीच योजना होती. आमच्याकडे सिंधू नावाची आया होती, नवरात्रात अंगात देवी येते म्हणून गल्लीभर गाजणारी. तिला मी बाजूला घेऊन म्हटलं, "वेळ पडली तर केस मोकळे सोड, घुमायला लाग आणि ओरड, 'टोचा सुई, माझी आज्ञा आहे!'" सिंधू म्हणाली, "घुमते ना. पण आधी नाश्ता करून घेते. उपाशीपोटी मला घुमणं होत नाही." म्हणजे मी किती वर्षांची नोकरी झालेली जबाबदार बाई, आणि नर्सिंग होममध्ये देवी घुमवायला निघाले होते! आज आठवलं की पोट धरून हसते.

सिंधू पोहे खात होती तेवढ्यात मी कौसल्याबाईकडे गेले. ती मागच्या अंगणात नळाजवळच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. ती नळाकडे बघतच म्हणाली,

"मंगेशच्या आंधी एक पोरगी होती माही. चालाले लागली होती. माता आल्ली तिले. तवा मी बी लहानच, सासूच्या धाकात. गावात एक जण सुया टोचत फिरे. सासऱ्यानं त्याले बोलावलं. त्यानं टोचली. सकाळी पोरगी नव्हती."

तिनं नळ घट्ट पिळून बंद केला.

"अन् तू मले म्हणतं, टोच."

दारात सिंधू येऊन उभी होती, अंबाडा सोडायच्या बेतात. मी तिला हातानं खूण केली, जा. ह्या बाईपुढे देवी नाचवायची म्हणजे... मला जमणार नव्हतं.

"कौसल्याबाई," मी म्हटलं, "त्या माणसाच्या सुईत काय होतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ह्या सुईत काय आहे, ते सांगू का?"

"काय आहे?"

"माणसांच्या रक्तातलं पाणी आहे. ज्यांच्या अंगावर माता येऊन गेली, त्यांच्या रक्तात तिची ओळख राहते. पुन्हा आली तर रक्त तिला दाराशीच ओळखतं आणि मानानं परत पाठवतं. तुम्हाला दुसऱ्यांदा आली का कधी?"

"नाही."

"हेच ते. अशा पुष्कळ माणसांची ओळख गोळा करून बाटलीत भरतात. प्रणालीकडे ती ओळखच नाही, तर लेकीला कुठून देणार? तिच्या अंगात तयार होईल, पण थोड्या दिवसांनी. पोट्टीला ती आज पाहिजे."

ह्यात शब्दभरही खोटं नव्हतं. डॉक्टर जे म्हणाले तेच होतं, फक्त मराठीत.

कौसल्याबाईनं माझ्याकडे नीट बघितलं, मग बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात माझ्यापुढे केला.

"माहं घे मंग. मले येऊन गेल्ली आहे. माह्याच नातीले द्याचं आहे तं दुसऱ्याचं कायले?"

मी तिच्या बांगड्या परत खाली सारल्या. "तसं थेट नाही देता येत हो. साफ करावं लागतं, तपासावं लागतं. आणि तुमचं एकटीचं पुरत नाही. लई जणांचं लागतं."

"किती? गावभर?"

"गावभर समजा."

"त्यात बाया राह्यते का?"

"राहतात ना."

ती ह्यावर विचार करत होती तेवढ्यात मंगेश आला. गाडी आणायला गेलेला हा माणूस हातात बर्फाचा डबा घेऊन परत आला होता. शर्ट घामानं चिकटलेला. औषधाची अर्धीअधिक दुकानं पालथी घालून त्यानं ते इंजेक्शन शोधलं होतं.

"गाडी कोठी आहे?" आईनं विचारलं.

मंगेशनं डबा छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं, जसा काही मी त्याला लपवणार होते.

"बाप्पा बाप्पा! कवापासून खोटं बोलाले शिकला रे?" ती उठली, पदर खोचला. "दे तिच्यापाशी. टोच वं. पण पोट्टीले मी धरीन."

तिनंच धरलं. सुई गेली तेव्हा बाळ कमी रडलं, कौसल्याबाई जास्त रडली.

मग सुरू झाले तिचे नियम. आमच्या विभागाच्या दारावर "प्रवेश निषिद्ध, हात स्वच्छ धुवावेत" असा बोर्ड होता. मी सांगते, तो बोर्ड कुणीही कधीही वाचला नाही. लोक त्याला टेकून उभे राहात. पण कौसल्याबाईनं मंगेशकडून कडुनिंबाची फांदी मागवली, दाराला बांधली आणि स्टूल टाकून बसली. मातेच्या खोलीत चपला चालत नाहीत. मळके हात चालत नाहीत. आरडाओरडा, गर्दी, बाहेरचं खाणं चालत नाही. पाहुणा तर अजिबात चालत नाही. माझ्या ध्यानात आलं, अरे, पाठ्यपुस्तकातले विलगीकरणाचे नियम ते हेच की! आम्ही ज्यासाठी घसा कोरडा करायचो, ते ही बाई एका फांदीवर करून घेत होती. तिला स्वतःला कांजिण्या होऊन गेल्या होत्या, म्हणून तिला बाळाजवळ बसवायलाही हरकत नव्हती. उलट ज्या पोरसवदा नर्सेसना कांजिण्या झाल्या नव्हत्या, त्यांनाच मी त्या बाजूला फिरकू देत नव्हते.

गावाकडून आलेली जीप तिनं फाटकातूनच परत पाठवली. "माता आहे आतमंदी. जा, हातपाय धुवा अन् घरी जा." कुणी चकार शब्द काढला नाही. एकदा आमच्या नर्सिंग होमचे मालक फेरीला आले, बूट घालून. तिनं स्टूल आडवं सरकवलं.

"बूट काढा. हात धुवा."

"अहो, हे माझं हॉस्पिटल आहे."

"असन. पण खोली तिची आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताचा पंखा न्याहाळत होते. मालक मोजे सावरत आत आले. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, हे त्या दिवशी सगळ्या स्टाफला कळलं.

प्रणालीचं दूध काढून आम्ही बोंडल्यानं बाळाला पाजत होतो. तिच्या अंगावरचे फोड सुकायला लागले. कौसल्याबाई रोज सकाळी अंघोळ करून बाळाच्या खोलीच्या काचेपाशी उभी राहायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. मी एकदा विचारलं, "काय बोलता हो मातेशी?"

"तुले कायले सांगू? आमचं आपसातलं आहे."

दुसरा आठवडा सरत आला. मला मनातून वाटायला लागलं होतं, निभावलं. आणि मला हेही ठाऊक होतं, की समजा काही दिसलंच, तर ते पहिल्यांदा कौसल्याबाईलाच दिसणार. बाळाचं अंग तीच पुसत होती. तिनं ते लपवलं असतं तर? अंगावर फोड उठला म्हणजे माता खुद्द आली. आता औषध नको, सुई नको, नुसता निंब पुरे, असं तिच्या मनानं घेतलं असतं तर? तो एक दिवस जरी गेला असता, तरी आमच्या हातात काय उरलं असतं, कुणास ठाऊक.

त्या सकाळी मी दूध मोजत होते. आतून हाक आली. जोरात नाही, पण मी बाटली तशीच टाकून धावले.

बाळाच्या पोटावर, बेंबीच्या बाजूला, दवाच्या थेंबासारखा एक फोड होता. मांडीवर दुसरा. कौसल्याबाईच्या हातात ओला कपडा तसाच होता.

"सिस्टर वं," ती म्हणाली, "तिनं माहं नाही ऐकलं. आता तू पाय."

विषाणूवरचं औषध शिरेतून सुरू केलं. ह्या वेळी सुईला कुणी अडवलं नाही. पुढचे दिवस मी बाळाच्या छातीकडे बघत काढले. श्वास वेगानं होतोय का, फासळ्या आत ओढल्या जातायत का, दूध सोडलंय का. कौसल्याबाईला मी छाती कशी बघायची ते दाखवलं होतं. त्यामुळे तीही बघायची, आणि मी जेवायला गेले की जेवणातून उठवायची. "ये, पाय बरं, आता कशी घेऊन राहिली श्वास?" मी यायची, बघायची, म्हणायची, "बरोबर घेतेय." मग ती म्हणायची, "मले मालूम होतं. जाय, जेव."

फोड दहा-बाराच्या वर गेले नाहीत. छाती स्वच्छ राहिली. ते इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून आजार एवढ्यावर थांबला, असं डॉक्टर म्हणाले. कौसल्याबाईचं म्हणणं, गावभरच्या बायांनी सांभाळून घेतलं. मला दोन्ही मतं मान्य आहेत.

खपल्या धरल्या, पडल्या. प्रणालीच्या कुशीत पहिल्यांदा बाळ दिलं, तेव्हा तिनं आधी लेकीची दहाही बोटं मोजली, मग सासूकडे बघून हसली. घरी न्यायच्या दिवशी सगळी आवराआवर झाल्यावर कौसल्याबाईनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. मध होता. त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा.

आमच्या भागात समजूत आहे, बाळाला पहिली घुटी जो चाटवतो, त्याच्यावर बाळाचा स्वभाव जातो. म्हणून घरातला भला, मोठा, नाव कमावलेला माणूस त्यासाठी निवडतात. रुसवेफुगवे होतात त्यावरून. एवढे दिवस कौसल्याबाईनं हा मान कुणालाही घेऊ दिला नव्हता. प्रणालीचा सासरा फोन करकरून थकला होता.

तिनं बाटली माझ्या हातात दिली.

"तू चाटव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? नाक पुसलं, आणि म्हटलं, "कौसल्याबाई, मध नाही चालत. वर्षभर तरी नाही द्यायचा बाळाला."

तिनं बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

"तुले चालते तरी काय वं?"

मंगेश तोंड फिरवून हसला. प्रणालीनं पदर तोंडात कोंबला. मी बोंडल्यात प्रणालीच्या दुधाचे दोन थेंब घेतले आणि बाळाच्या ओठांना लावले. पोट्टीनं ते चाटले, नाक मुरडलं, आणि मूठ उगारून असा काही टाहो फोडला, की खालचा वॉचमन वर आला.

कौसल्याबाईनं तिला उचललं, खांद्यावर टाकलं, माझ्याकडे वरून खाली एकदा बघितलं, आणि सुस्कारा टाकून म्हणाली,

"हे खरंच तुह्यावर गेली, तं हिच्या सासूचं काही खरं नाही बाप्पा."